लाल टेप काढणाऱ्या साहेबांसाठी

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

ऑफिसची नोकरी गेल्यावर सत्तेचाळिसाव्या वर्षी मी इलेक्ट्रिशियनचं काम शिकायला लागलो. माझा उस्ताद प्रवीण वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. मला काका म्हणतो, पण चुकलो की झापतो.

आज सीवूड्सला एका फ्लॅटमध्ये गिझरचा पॉइंट बदलायचा होता. मेन स्विच बंद केला, त्यावर लाल टेप लावली, घरमालकांना तसं सांगितलं. मग खाली बाईकवर राहिलेली वायर घेऊन आलो.

प्रवीणची शिस्त अशी, की मेन बंद असला तरी हात घालण्याआधी टेस्टर लावायचाच. लावला, तर पेटला.

साहेबांनी टेप काढून मेन चालू केला होता. म्हणे, "वायफाय गेलं ना, माझी मीटिंग चालू आहे."

माझे हात थरथरायला लागले. ते बघून प्रवीणला म्हणतात, "या वयाच्या माणसाला कशाला ठेवता? हात बघा कसे कापतायत."

प्रवीण म्हणाला, "साहेब, माझे पण कापतायत."

सॉरी नाही, काही नाही. परत मीटिंगला बसले.

तुमच्याकडे आम्ही काम करतो, तेव्हा मेनवरची ती टेप कोणासाठी असते असं वाटतं तुम्हाला?