बारा शब्द आणि एक जीएसटी बिल

"अक्षराला बारा रुपये. एक पैसा कमी नाही."

"आठ करा ना काका. आपण दोघं मराठी."

"म्हणूनच बारा. बाकीच्यांना पंधरा सांगतो."

चंडीगडला माझं कोरीव कामाचं दुकान आहे. सांगलीहून एक हातमशीन घेऊन आलो, आज दोन लेझर मशीन आहेत. लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात, निरोपाच्या ट्रॉफ्यांवर माझं घर चालतं. हा ग्राहक मात्र वेगळा. सोहोनी, मोहालीत घरून काम करणारा इंजिनिअर. त्याला स्टीलच्या पट्टीवर बारा इंग्रजी शब्द हवे होते. टर्टल, अंब्रेला, लेमन. कशाचा कशाला मेळ नाही.

"दोन शब्द गाळा, परवडेल," मी सुचवलं.

तो पांढराफटक पडला. "एक शब्द गेला तरी माझे सगळे पैसे गेले, काका!"

मग त्याने हळू आवाजात समजावलं. बिटकॉइनसारखं क्रिप्टो चलन एक्स्चेंजवर ठेवलं की पॅन कार्ड द्यावं लागतं, विकताना एक टक्का टीडीएस कापतात, सरकारला सगळं दिसतं. म्हणून त्याने ते स्वतःच्या डिजिटल वॉलेटमध्ये काढून घेतलं होतं. त्या वॉलेटची चावी म्हणजे हे बारा शब्द. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. कागद जळतो, स्टील जळत नाही.

"टॅक्स मी भरतो. पण माझ्या खिशात किती आहेत ते सरकारने रोज डोकावून का बघायचं?"

मला पटलं. कारागिरांना बाहेर काढून मी स्वतः मशीनवर बसलो. फाइल त्याच्यासमोर डिलीट केली. सौदा अक्षराला दहावर ठरला.

उठताना तो म्हणाला, "जीएसटी बिल द्या, कंपनीच्या नावाने. ऑफिस खर्चात लावतो."

इथे आमची पद्धत सांगायला हवी. एका कर्नलसाहेबांनी स्पेलिंगवरून भांडून माझ्याकडून चाळीस ट्रॉफ्या पुन्हा फुकट करून घेतल्या होत्या. तेव्हापासून कोरलेला मजकूर जसाच्या तसा बिलावर छापतो आणि ग्राहकाची सही घेतो. बिलं माझी बायको सुनंदा करते. तिने पट्टी समोर ठेवून बाराही शब्द टाइप केले. सोहोनीने फक्त रक्कम पाहिली आणि सही केली. खरं सांगायचं तर मीही रक्कमच पाहिली.

चार दिवसांनी तो धापा टाकत आला. कंपनीच्या अकाउंट्समधून फोन आला होता: "सर, ये टर्टल-अंब्रेला किस हेड में डालें?"

"काका, माझी चावी बिलावर छापलीत!"

"बिल कुणी मागितलं? सही कुणाची?" मीही भडकलो.

"कुणाकुणाकडे गेलंय हे?"

सुनंदाने शांतपणे सांगितलं, "तुमची कंपनी. आमचे सीए. त्यांच्या ऑफिसात सात जण."

तो मटकन स्टुलावर बसला. "आणि सरकार?"

"त्यांना फक्त रक्कम जाते. शब्द मागितले तर दाखवू."

त्याने तिथेच भिंतीकडे तोंड करून मोबाइलवर नवं वॉलेट उघडलं आणि सगळं तिकडे हलवलं. काही गेलं नव्हतं. नवी पट्टी मी अक्षराला आठ रुपयांत कोरायला तयार होतो.

"नको! मीच ठोकेन." त्याने धातूवर अक्षरं ठोकायचे पंच आणि हातोडी घेतली. पूर्ण भावात. बिल नको म्हणाला, पण बिनबिलाचा माल मी विकत नाही. 'पंच संच व हातोडी, प्रत्येकी एक नग' एवढंच लिहिलं होतं. त्याने ते तीनदा वाचलं.

आता तो इथल्या मराठी मंडळींत सांगत फिरतो की मी सरकारचा माणूस आहे. त्यांच्या स्पर्धेच्या ट्रॉफ्या यंदा दुसऱ्याकडे गेल्या. असो. सरकारपासून काही लपवायचं असेल, तर त्याचा खर्च कंपनीकडून काढायला जाऊ नये.