मागच्या भिंतीचा चुना

पाऊस ओसरला, नवरात्र आठ दिवसांवर आलं, की बाबाचा फोन यायचा. "कधी येतेस गो?" बस्स, एवढंच. बरी आहेस का नाही, जावयाचं कसं चाललंय नाही. मला तो चुना मारायला बोलवायचा. घराच्या मागच्या भिंतीला.

हे घर रोह्यात नाही. रोह्याहून कुंडलिकेच्या काठाकाठाने खाली गेलं, खाडी रुंद होत होत समुद्राला मिळायला आली, की डोंगराच्या उतारावर आमची कोळ्यांची वस्ती लागते. त्यातलं सगळ्यात वरचं घर माझं माहेर. घराच्या पुढच्या बाजूला रंग कसलाही चालायचा. भावाने एकदा तिला चक्क पोपटी फासला होता. पण मागची बाजू, जिच्या खाली नुसता उतार आणि उताराखाली पाणी, जिकडे चिटपाखरू फिरकत नाही, ती मात्र पांढरीफेक हवी. नववीत होते तेव्हापासून हे काम माझं. शिंपल्यांचा चुना भिजवायचा, त्यात नीळ आणि डिंक घालायचा आणि शिडीवर चढून कुंच्याने वरून खाली मारत यायचं. हातांची सालं निघायची. बाबा खाली उभा राहून डोळे बारीक करून बघायचा आणि हटकून म्हणायचा, "अजून एक हात मार."

"तिकडे बघायला जातंय कोण, बाबा?"

"ओल येते."

खोटं बोलणं! ओल यायचीच तर शेजारच्या भिंतीला का येत नव्हती? पण आमच्या बाबाशी वाद म्हणजे भिंतीशीच वाद. लग्न होऊन मी रोह्यात आले, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, केस पिकले, चुना काही सुटला नाही. एसटीने जायचं, चुना मारायचा, चिडचिड करत परत यायचं. नवरा म्हणायचा, "अगं, मजूर लाव की एखादा." मी बाबाला तसं सांगून पाहिलं. त्याने तीन दिवस माझा फोन घेतला नाही.

खरं सांगते, माझा राग चुन्यावर नव्हताच. राग होता होडीवर. आमच्या वस्तीत बाईमाणूस होडीत चढत नसे. मासळी निवडायची, सुकवायची, टोपली घेऊन बाजारात बसायचं, हे सगळं बायकांनी करायचं. माझी आई रोह्याच्या बाजारात बसून म्हातारी झाली. पण पाण्यावर जायचं पुरुषांनी. माझा धाकटा भाऊ दहा वर्षांचा झाला आणि बाबाने त्याला होडीत घेतलं. मी शिडीवर चुन्याची बादली घेऊन उभी, आणि खाली खाडीतून ते दोघं निघालेले. शिडीवर उभ्या उभ्या इतकी रडले होते मी, की डोळ्यांत चुना गेला आणि आईला वाटलं त्यानेच रडतेय.

बाबाची एक जागा होती. खाडीच्या तोंडाबाहेर, समुद्रात, पाण्याखाली एक खडप होतं, म्हणजे खडकाची रांग. तिथे हेकरू मिळायचा, खडकातच राहणारा मोठ्या तोंडाचा मासा. बाकीच्यांच्या होड्या रिकाम्या आल्या तरी बाबा दोन-चार हेकरू घेऊन यायचा. आता समुद्रात काय पाट्या लावलेल्या असतात? जागा धरायची ती जमिनीकडे बघून. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत यायला हव्यात, आणि दुसरीकडच्या दोन दुसऱ्या रेषेत. दोन्ही जुळल्या की खाली खडप. याला आमच्याकडे खूण म्हणतात, आणि खूण बाप फक्त लेकाला सांगतो.

पण लेकाने विचारायला तर हवं. भाऊ डोलवीला पोलादाच्या कारखान्यात लागला, शिफ्टच्या मागे धावायला लागला, होडी त्याच्या डोक्यातून गेली. एकदा सुट्टीत म्हणाला, "बाबा, चल, जागा मोबाईलमध्ये टाकून ठेवू." बाबा असा उखडला म्हणता! "मोबाईलात टाकलीस की उद्या चार गावांत जाईल. नाय सांगत जा." आणि नाहीच सांगितली. मग भावानेही नाद सोडला, आणि होडी विकली गेली.

चार वर्षांपूर्वी बाबाला काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर येणार नाही, थेंब टाकून उरलेली जेवढी टिकेल तेवढी. बाबा ओट्यावर बसून राहायला लागला. मला मात्र झोप लागेना. ही खूण कुणालाच न सांगता त्याचे डोळे जाणार. मासळीचं सोडा, ती बाजारात मिळते. मला ती खूण बाबाच्या तोंडून ऐकायची होती. मलाच सांगावी त्याने, असं वाटत होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईचा हा हट्ट आहे, मला कळत होतं, पण होता.

आता माझ्या नवऱ्याचं ऐका. हा माणूस खांबचा. हायवेवरचं गाव, पाणी पाहिलं ते विहिरीत. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात मी त्याच्यापाशी होडीचं रडगाणं गायले, तेव्हा हा म्हणाला होता, "मी घेईन तुला होडी." मी विसरले. हा विसरला नाही. तीस वर्षं कंपनीत शिफ्ट करून रिटायर झाला आणि एक दिवस मला खाडीवर घेऊन गेला. तिथे जुनी फायबरची होडी, मागे छोटं इंजिन, आणि नव्याने रंगवलेली. मी त्याला आधी शिव्या घातल्या, कुणाला विचारून घेतली म्हणून. मग त्याच होडीत बसून ढसाढसा रडले.

आणि पहिल्याच दिवशी कळलं की त्याला बोट लागते! धक्का सोडून शंभर हात गेलो नाही तोच साहेब काठावर वाकले. लिंबू झालं, आवळा झाला, गोळी झाली. काही उपयोग नाही. शेवटी इंजिनाचं हँडल माझ्या हातात आलं ते तसं. शेजारच्या धक्क्यावर एक चाचा होते, सगळा जन्म होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवलेले, त्यांनी मला पंधरा दिवसांत तयार केलं. नवरा प्रत्येक वेळी यायचाच. तळाशी आडवा पडायचा, तोंडावर टोपी, नाकाशी लिंबू. "तुम्ही घरी बसा ना हो," मी म्हणायची. "तुला एकटीला सोडू?" हा टोपीखालून म्हणायचा. काय बोलणार अशा माणसाला?

मागल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही होडीनेच माहेरी गेलो. बाबाला आता समोरच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही, आवाजाने ओळखायचा. मी म्हटलं, "बाबा, चल होडीत. तुझी जागा दाखव." तो तोंड फिरवून बसला. बाईच्या हातात होडी, ती पण जावयाची! मग नवराच शांतपणे म्हणाला, "मामा, मला बोट लागते. मी आज घरी थांबतो. ही जाईल एकटी."

"एकटी?" बाबा उठलाच. "येडी झाली का? कुठं हाय माझी काठी?"

निघालो जेवण करून, ओहोटी लागली तेव्हा. बाकीचे पहाटे निघतात, पण बाबा जन्मभर दुपारचं जेवूनच निघायचा, त्याचंही कारण त्याने कधी सांगितलं नव्हतं. नवराही आलाच, खोटारडा, तळाशी आडवा. बाबा माझ्यासमोर, जमिनीकडे तोंड करून बसला. खाडीचं तोंड ओलांडलं, पाणी हिरवं झालं, आणि बाबाची मान ताठ झाली. वाऱ्याकडे गाल करून सांगत होता, डावीकडे घे, हळू कर, आता सरळ. माझा बाप माझ्या होडीत बसलाय, एवढ्यानेच मी वेडी झाले होते.

"हितं. टाक."

मी दोरीला बांधलेलं शिसं सोडलं. खाली खडक असला की शिसं टकटक करतं, दोरीतून बोटाला कळतं. शिसं मऊ बसलं. चिखल.

"जरा बाहेर घे. टाक."

चिखल. आणखी एकदा टाकलं. चिखल.

"ऊन डोळ्यांवर येतंय," बाबा म्हणाला.

ऊन त्याच्या पाठीला होतं. तो जमिनीकडे बघत होता, पण जमीन त्याला दिसतच नव्हती. वाऱ्याच्या आणि लाटेच्या अंदाजाने इथवर आला होता बिचारा, आणि आता पुढे अंदाज चालत नव्हता. मी इंजिन बंद केलं. "परत जाऊ या का, बाबा?" मी शेवटी विचारलं.

त्याने डोक्याचं फडकं काढलं, तोंड पुसलं, पुन्हा बांधलं.

"उजवीकडं किल्ला दिसतो? त्याच्या टोकाच्या पाठी डोंगर हाय. दोघांच्या मध्ये बोटभर आभाळ राहिलं पायजे. जास्ती नाय, कमी नाय."

सांगत होता! मला! मी इंजिन चालू केलं आणि बोटभर आभाळ राहील तिथे होडी आणली.

"आता आपल्या डोंगराकडं बघ. माथ्यावर खाच दिसते? तिच्या खाली पांढरं काय दिसतं का बघ."

मी बघितलं. सगळा उतार तपकिरी-हिरवा, घरांची कौलं, निळे पत्रे, एकात एक मिसळलेलं. तेवढ्यात पश्चिमेचं ऊन उतारावर पडलं आणि सगळ्यात वर एक पांढरा ठिपका उजळला. नखाएवढा, पण असा लख्ख की नजर दुसरीकडे जाईना.

"दिसतंय बाबा. देऊळ आहे का ते?"

"देऊळ कसलं? घर हाय आपलं."

क्षणभर मला काही समजलंच नाही. मग समजलं. "मागची भिंत?"

"मग काय! दुपारचं ऊन पडलं की दिसते. ती खाचेखाली आण."

मी आनंदाने रडायला हवं होतं, पण मी भडकले. "चाळीस वर्षं, बाबा! चाळीस वर्षं ओल येते, ओल येते म्हणून मला शिडीवर चढवलंस! सांगायला काय झालं होतं? मी वर हात सोलून घेत होते आणि मला वाटायचं तू मला होडीपासून लांब ठेवतोस!"

बाबा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुझा भाऊ होडीत असायचा, पण त्याला खूण दिसायची नाय. बघायचाच नाय तो. तू वर नसतीस तर मला हितं काय दिसलं असतं गो? दुसऱ्या कुणाच्या हातावर मी ती भिंत सोडली नाय, ती उगाच काय?"

आता मात्र मला पुढचं काही दिसेना. पदराने डोळे पुसत, नाक ओढत, मी ती पांढरी भिंत खाचेखाली आणली आणि शिसं सोडलं. टक. टकटक. टक.

"लागलं," बाबा माझ्याआधी म्हणाला. त्याने दोरीवर माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला होता.

"मिळाली का जागा?" तळातून टोपीखालून आवाज आला. "मग घरी जाऊ या का?"

"गप पडा हो!" मी म्हटलं आणि बाबा हसला. किती वर्षांनी हसला. कोळंबी लावून गरी सोडली, अर्ध्या तासात एक हेकरू आला. बाबाने तो मांडीवर घेऊन हातांनी चाचपला आणि म्हणाला, "बारका हाय." पण मांडीवरून तो टोपलीत काही ठेवू देईना.

यंदाच्या पावसाळ्यात बाबाची उरलीसुरली नजर गेली. नवरात्राआधी मी गेले तेव्हा भाऊ आणि भावजय मागच्या भिंतीला करड्या टाइल्स लावायचं ठरवून बसले होते. चुन्याची कटकट नको, एकदाच काय तो खर्च. मी म्हटलं, "त्या भिंतीला हात लावायचा नाही."

"का पण? तिकडे बघतंय कोण?" भाऊ म्हणाला.

"ओल येते," मी म्हटलं. ओट्यावर बाबा खोकल्यासारखं करून गालातल्या गालात हसला.

दुसऱ्या दिवशी मी चुना भिजवला. बाबाला मागे आणून दगडावर बसवलं. गुडघे दुखत असले तरी शिडीवर मीच चढले, नवऱ्याने शिडी धरली. चुना मारून झाला तसा बाबा काठी टेकत आला, चाचपत भिंतीवर तळवा ठेवला, तळवा पांढरा झाला. त्याने चेहरा पाण्याकडे केला.

"दिसंल ना गो?"

"दिसेल, बाबा. मला दिसेल."

त्याने पुन्हा भिंत चाचपली. मग म्हणाला, "तरी अजून एक हात मार."

मी बादली उचलली आणि पुन्हा शिडी चढले.