न मोडणाऱ्या खुर्च्यांचा कारागीर

पडदा वर जातो तेव्हा एक लांबट, पत्र्याच्या छपराची खोली दिसते. डावीकडच्या फळीवर अकरा माणसांचे तुटलेले हात ओळीने मांडलेत. सगळे उजवेच, कारण साचा एकाच हाताचा होता. उजवीकडे पोटात काहीच नसलेला टेलिफोन आणि कागदाच्या लगद्याची सफरचंदं भरलेली टोपली. त्यातल्या एका सफरचंदावर खऱ्या दातांच्या खुणा आहेत. त्या कोणाच्या, हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही. मधोमध एक खुर्ची. खुर्चीवर मी. तेव्हा माझं वजन चौऱ्याण्णव किलो होतं. माझ्या मांडीवर आमच्या नाटकाचा दिवेवाला, त्याच्या मांडीवर खलनायक आणि मागून खुर्चीच्या पाठीला लोंबकळलेला प्रॉम्प्टर.

आम्ही चौघं एकाच गोष्टीची वाट बघतोय. खुर्ची मोडण्याची.

"कुरकुरतसुद्धा नाही," प्रॉपर्टीवाल्या बाई म्हणाल्या. नाटकासिनेमात लागणाऱ्या वस्तूंना आम्ही प्रॉपर्टी म्हणतो आणि त्या बनवण्यात या बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोटांना कायम डिंक. "काय लाकूड घातलंय हो यात?"

"सागवान," खुर्ची बनवणारा गृहस्थ म्हणाला. वय बावन्न, कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर निम्मी शरम आणि निम्मा अभिमान.

"मोडायच्या खुर्चीला सागवान?"

"मग काय, मोडेल असलं लाकूड घालू?"

"हो," बाई म्हणाल्या.

हे माझे साडूभाऊ. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं त्यांनी एका फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्या केल्या आणि त्यांची एकही खुर्ची कधी दुरुस्तीला परत आली नाही. इतर माणसांच्या खिशात सुपारी, चिल्लर, बसची तिकिटं असतात. साडूभाऊंच्या खिशात लाकडाच्या पाचरा असायच्या, लहान मोठ्या, सगळ्या मापांच्या. डुगडुगणारं टेबल दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही. लोक बोलत असायचे, हे हळूच खाली वाकायचे, टक टक आवाज यायचा आणि टेबल शहाणं व्हायचं. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत नवरदेव दिसत नाही. तो टेबलाखाली आहे.

मग कारखाना बंद पडला. आमचा दोघांचा सामाईक मेहुणा प्लास्टिकच्या खुर्च्या विकायचा. तो मोठ्या मनानं म्हणाला, "दाजी, माझ्याकडे या. खुर्च्या एकात एक घालायच्या, गिऱ्हाईक आलं की काढायच्या. यात शिकण्यासारखं काहीच नाही, तेच तर बरं आहे."

साडूभाऊ दुकानात गेले. एका लाल खुर्चीचा पाय दोन बोटांत धरून हळूच दाबला. पाय वाकला आणि परत सरळ झाला. साडूभाऊ बाहेर येऊन फुटपाथवर बसले. तिथून उठले ते थेट माझ्याकडे आले.

"साडूभाऊ, तुमच्या नाटकात सुतार लागतो का हो?"

मी बाईंकडे शब्द टाकला. बाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तीन महिने शिकवते. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगात दुसऱ्या अंकातली खुर्ची वेळेवर मोडली, तर कायम. नाही मोडली, तर आपला राम राम."

तर असा मामला होता. खुर्ची मोडली तर लाकूड, नाही मोडली तर प्लास्टिक.

पहिल्या दिवशी बाईंनी त्यांना एक वीट करायला सांगितली. तासाभरात साडूभाऊ वीट घेऊन हजर. बाईंनी ती उलटसुलट केली.

"अगदी हुबेहूब झालीय."

"होणारच. पलीकडे बांधकाम चाललंय, तिथून आणली."

बाईंनी डोक्याला हात लावला. "अहो, ही वीट नायिका रोज खलनायकाला फेकून मारते."

साडूभाऊंनी खलनायकाकडे पाहिलं. खलनायक दोन पावलं मागे सरकला. मग साडूभाऊ फोमची वीट करायला शिकले.

पुढे साखरेची बाटली आली. डोक्यात फुटायची बाटली काचेची नसते, पाकाची असते. साखर उकळून साच्यात ओततात. साडूभाऊंनी हा धडा घरी गिरवला. पहिली बाटली मुंग्यांनी नेली, दुसरी कढईतून सुटेना. तिसरी उत्तम झाली, पण त्या दिवशी माझ्या मेहुणीला बिनसाखरेचा चहा प्यावा लागला. तिनं ती बाटली शांतपणे उचलली, नवऱ्याच्या डोक्यात फोडली आणि म्हणाली, "छान फुटते." मेहुणीनं एवढं कौतुक याआधी कधी केलं नव्हतं, असं ते मला डोक्यातली साखर झटकत सांगत होते.

विटा जमल्या, बाटल्या जमल्या. घोडं अडलं ते खुर्चीपाशी. लगदा आणि साखर हा त्यांना परका मुलूख होता, तिथे बाई म्हणतील ते खरं. पण लाकूड हातात आलं की हात बाईंचं ऐकेनात. सांधा सैल ठेवायचं ठरवून बसायचे आणि उठेपर्यंत त्यात सरस भरलेला असायचा. पहिल्या खुर्चीची गत तुम्ही पाहिलीतच. दुसरीवर बाईंनी सगळी नाटकमंडळी चढवली, तिसरी जिन्यावरून ढकलून दिली. जिन्याची एक पायरी फुटली.

नापास झालेली प्रत्येक खुर्ची बाई त्यांना घरी न्यायला लावायच्या.

"घरात माणसं दोन आणि खुर्च्या सात," मेहुणी माझ्या बायकोला म्हणाली. "ताई, मी आता स्वयंपाकघरात अंग चोरून जाते गं."

पहिल्या प्रयोगाला बारा दिवस उरले तेव्हा बाईंनी साडूभाऊंना समोर बसवलं. नापास खुर्चीवरच.

"तुम्हाला वाटतं मी वाईट काम करायला सांगतेय."

साडूभाऊ बसल्या खुर्चीचा सांधा बोटांनी चाचपत राहिले.

"घरातली खुर्ची केव्हाही मोडली तरी वाईटच. आपली खुर्ची ठरलेल्या वाक्यावर मोडायची. आधी नाही, नंतर नाही. आणि दुसऱ्या दिवशी जोडून पुन्हा त्याच वाक्यावर. करून दाखवा बघू."

साडूभाऊंनी कानावरची पेन्सिल काढली, थोडा वेळ चावली. "म्हणजे सांधा कच्चा नकोय. सांधा ऐकणारा हवाय."

"हं."

"मग आधी तसं सांगायचं ना."

आठवी खुर्ची पाच दिवसांत झाली. ताठ बसलं तर हत्ती पेलेल. पाठ टेकली की मागचे दोन पाय खुंट्यांवरून सुटायचे आणि बसणारा धाडकन खाली. तालमीत मी एकोणीस वेळा पडलो. दर वेळी साडूभाऊ सुई टोचून घेणाऱ्या माणसासारखे डोळे मिटून घ्यायचे आणि मग येऊन खुर्चीलाच विचारायचे, "लागलं का?" मला कोणी विचारत नव्हतं.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. नाट्यगृह भरलेलं. दुसऱ्या रांगेत माझी बायको, मेहुणी आणि मेहुणा. मेहुण्यानं पिशवीतून एक शर्ट आणला होता, खिशावर त्याच्या दुकानाचं नाव छापलेला, साडूभाऊंच्या मापाचा. "असू दे बरोबर," तो म्हणत होता.

दुसरा अंक. मी एका माजोरी अध्यक्षाच्या भूमिकेत. समोर खलनायक. मी रुबाबात खुर्चीवर बसलो, मिशीवर हात फिरवला आणि वाक्य टाकलं, "या खुर्चीवरून मला हलवणारा अजून जन्माला यायचाय."

पाठ टेकली.

काही झालं नाही.

मी जरा पुढे येऊन पुन्हा टेकली. खुर्ची देवळाच्या खांबासारखी उभी. "अजून जन्माला यायचाय," मी आणखी मोठ्यानं म्हणालो. मी पडल्यावर खलनायकानं हसायचं होतं. तो बिचारा मी न पडताच हसला आणि मध्येच थांबला. तिसऱ्यांदा तर मी वाक्य म्हणत बसल्याजागी उसळी मारली. प्रेक्षकांत कोणीतरी खोकलं.

मी विंगेत पाहिलं. साडूभाऊ खिसा चाचपत होते. खिशातल्या पाचरा मोजल्या तर दोन कमी भरल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मध्यंतरात खुर्चीजवळून जाताना ती त्यांना केसभर डुगडुगताना दिसली होती. नंतर ते शपथेवर सांगत, "मी नाही मारल्या पाचरा. हातांनी मारल्या. मी तेव्हा चहाचा विचार करत होतो."

बाईंनी पडदा पाडायची खूण करायला हात वर केला. तेवढ्यात साडूभाऊ चालत रंगमंचावर आले. अंगावर कामाचा मळका एप्रन, कानावर पेन्सिल, हातात हातोडी.

"साहेब," ते मला म्हणाले, "जरा उठता का?"

मी उठलो. दुसरं काय करणार?

त्यांनी खुर्ची उलटी केली, जिभेनं च्यक् केलं, टक टक करून दोन पाचरा काढल्या, फुंकर मारली आणि खिशात टाकल्या. खुर्ची सरळ ठेवून हलवून पाहिली. ती डुगडुगली. त्यांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की पहिल्या रांगेतली एक म्हातारी फिसकन हसली.

"बसा आता," ते म्हणाले. "आणि ते मघाचं वाक्य परत म्हणा."

आणि निघून गेले.

मी बसलो. "या खुर्चीवरून मला हलवणारा..." एवढं म्हणेपर्यंतच हशा सुरू झाला होता. मी पाठ टेकली आणि पाय वर, डोकं खाली असा आडवा झालो. पन्नास वर्षं रंगमंचावर काढली, पण तसा हशा मी पुन्हा ऐकला नाही. मेहुणा हसता हसता इतका कलंडला की त्याच्या आसनाचा हात निखळून त्याच्या मांडीवर आला.

प्रयोगानंतर साडूभाऊ आपली हत्यारं पिशवीत भरत होते. बाई चष्मा पुसत होत्या.

"निघतो बाई. खुर्ची नाही मोडली."

"मोडली की."

"वाक्यावर नाही मोडली."

"चौथ्यांदा म्हटल्यावर मोडली. उद्यापासून चौथ्यांदाच मोडायची. दोन पाचरा माझ्यासमोर मारायच्या, मोजून."

साडूभाऊ पिशवी धरून उभेच राहिले. "म्हणजे रोज मी तिथे जायचं? लोकांसमोर?"

"दुपारी लोकांसमोर, सकाळी माझ्यासमोर. कायम."

"लोकांचं तेवढं राहू द्या. पोटात गोळा येतो."

"येऊ दे. त्या गोळ्यालाच लोक हसतायत," बाई म्हणाल्या. मग साडूभाऊ नाट्यगृहात गेले, मेहुण्याच्या आसनाचा हात बसवला आणि त्याच्या पिशवीतला शर्ट मागून घेतला. रंगाचे ब्रश पुसायला तो त्यांना पुढे चार वर्षं पुरला.

त्या नाटकाचे दोनशे बारा प्रयोग झाले. साडूभाऊंनी स्वतःच्या दोन वाक्यांत एका अक्षराची भर घातली नाही. पुढे त्यांना सिनेमाची कामंही आली. एका नायकानं खांद्यानं फोडायचं दार त्यांनी केलं. नायकाचा हात पंधरा दिवस गळ्यात होता, पण तोही साडूभाऊंविषयी चांगलंच बोलायचा. म्हणायचा, माणूस भेटला तर असा भेटावा, मात्र दार दुसऱ्याकडून करून घ्यावं.

त्या सात नापास खुर्च्यांपैकी एकीवर बसून मी हे लिहितोय. वजन आता एकशे दोन आहे. ती कुरकुरत नाही.

मागच्या वर्षी साडूभाऊ दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो तेव्हा खिडकीकडे तोंड करून पडले होते. बोलणं जवळजवळ बंदच होतं, असं मेहुणीनं दारातच सांगितलं. मी पलंगाजवळचं लोखंडी स्टूल ओढलं आणि टेकणार, तेवढ्यात त्यांनी मान वळवून आधी स्टुलाच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ते जे बोलले, त्यानंतर कोणाशीच काही बोलले नाहीत.

"साडूभाऊ, त्यावर नका बसू. ते आपलं नाही, खरंच मोडेल."