दोन मशिनींचा तक्ता

कोळशाचे ट्रक धावणाऱ्या घुग्घुसच्या रस्त्यावर माझ्या दादाचं सौरकंदिलांचं युनिट आहे. युनिट म्हणजे पत्र्याखाली चार टेबलं आणि सहा बाया. कंदिलाच्या सर्किट बोर्डावर तिळाएवढे पार्ट चिमट्याने बसवायचं काम माझं. डिप्लोमा झाला तेव्हा दादा म्हणाला होता, दोन महिने मदत कर. त्या दोन महिन्यांना पाच वर्षं झाली. मान अशी आखडली की देवळातही मी खाली बघूनच उभी असते आणि लोकांना वाटतं, किती गुणाची पोरगी.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका कंपनीत नोकरी लागायची वेळ आली, तेव्हा दादाने शब्द दिला. पार्ट बसवणारी मशीन आली की मी मोकळी. कंपनीही तोवर थांबायला तयार झाली. मशीन कोणती घ्यायची तेही मीच बघायचं, कारण त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आमचेच बोर्ड घेऊन मी नागपुरातल्या दोन दुकानांत गेले. पहिली मशीन छोटी, बिनकॅमेऱ्याची. आमच्यातली कोणतीही बाई ती तासाभरात शिकली असती. पण बारीक पार्ट ती तिरके ठेवत होती. दुसरी मशीन पार्ट उचलला की आधी कॅमेऱ्याने बघायची, वाकडा असला तर फिरवून सरळ करायची आणि मगच ठेवायची. खोटं कशाला बोलू, माझा तिच्यावर जीवच जडला. पण प्रत्येक नव्या बोर्डासाठी तिला प्रोग्राम करून द्यावा लागतो, आणि कोळशाच्या धुळीने कॅमेऱ्याला दिसेनासं झालं की ते ओळखावं लागतं. हे जमणारी आमच्याकडे मी एकटीच.

परतीच्या बसमध्ये मी पक्कं ठरवलं, छोटीच सुचवायची. कोणाला कळणार होतं?

घरी वहीत तक्ता काढला. वेग, सफाई, वीज गेल्यावर पुन्हा सुरू व्हायला लागणारा वेळ, सगळं भराभर भरलं. अचूकतेपुढे छोटीच्या रकान्यात 'चांगली' लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. आमचे कंदील पार एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावांत जातात. एकदा तिकडचा एक म्हातारा बंद पडलेला कंदील घेऊन दोन बस बदलून आला होता. मीच बसवलेला एक पार्ट तिरका निघाला. मी तो सरळ करेपर्यंत म्हातारा समोर बसून राहिला, आणि मला इतकी लाज वाटली की त्याला साधं पाणी विचारायचंही सुचलं नाही. मी 'चांगली' खोडून 'वाईट' लिहिलं. मग हात थांबलाच नाही. मोठी मशीन कोण चालवेल? फक्त मी. कोणती घ्यावी? मोठी.

दादा तक्त्यावर खूश झाला. चार जणांना दाखवत फिरला. मशीनवाल्यांचा ट्रेनिंगचा फॉर्म आला, तर चालवणाऱ्याच्या जागी त्याने माझं नाव आधीच भरून ठेवलेलं. मी त्याला नागपूरची आठवण करून दिली.

"आता कुठी जाते तू?" तो अगदी मायेने म्हणाला. "तूच त लिवलं ना, हे मशीन दुसऱ्या कोणाले जमत नाई म्हणून."

लिहिलं होतंच. तो लबाडी करत असता तर मी भांडले असते. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. मी फॉर्मवर सही केली, बाहेर रस्त्यावर आले आणि ट्रकांच्या आवाजात नागपूरच्या कंपनीला फोन लावून सांगितलं, माझी वाट बघू नका.