फीत नसलेलं केंद्र

बदलापूरच्या आमच्या मधुमेह केंद्राचं उद्घाटन झालेलं नाही. मीच होऊ दिलं नाही.

सुरुवात करण्याआधी मी कागद घेतला आणि काय हवं याच्या आधी काय नको ते लिहिलं. प्रमुख पाहुणे नकोत. फीत नको, सत्कार नको, राखीव खुर्च्या तर मुळीच नकोत. खाली मग साखर मोजायचं यंत्र, पट्ट्या, पाय तपासायला एक बुटकं स्टूल. उल्हासनगरचे एक वयस्कर सिंधी डॉक्टर शनिवारची सकाळ द्यायला तयार झाले होते. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "दीदी, इतना गुस्सा किस पर है?"

मी सांगितलं. माझी मोठी बहीण जवळच राहायची. तिला साखरेच्या गोळ्या चालू होत्या. आमच्या प्रभागातले नगरसेवक, सगळ्यांचे साहेब, आपल्या दर वाढदिवसाला समाजमंदिरात मोफत शिबिर घ्यायचे. 'उपाशीपोटी या' एवढंच बॅनरवर होतं. सकाळची गोळी घेऊ नका, हे कुणी सांगितलं नाही. ताईने सवयीने घेतली. रिकाम्या पोटी ती गोळी साखर फार खाली आणते. माणसं येऊन बसली, नर्स तयार, पण फीत कापेपर्यंत सुई टोचायची नाही, ही पद्धत. आपल्याकडे ती कुणाला विचित्रही वाटत नाही. बऱ्याच वेळाने ताईला घाम सुटला. तिने पिशवीतून बिस्किटं काढली तर एक कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, खाऊ नका, टेस्ट चुकेल. साहेब शहाडपर्यंत आलेत."

ताई पाणी प्यायला उठली आणि पायऱ्यांवरून कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. साहेब पोचले तेव्हा आम्ही तिला रिक्षात घालत होतो. त्यांनी फीत कापली. त्या फोटोत मागे आमची रिक्षा दिसते. ताई अंथरुणातून पुन्हा उठली नाही. साहेबांचा पुढचा वाढदिवस यायच्या आत गेली.

आरडाओरडा करणं मला जमत नाही. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, मला काम मार्गी लावता येतं. मी ठरवलं, या माणसाचं शिबिर ओस पाडायचं. वर्षातून एकदा मिळतं ते लोकांना दर शनिवारी मिळालं, तर त्याच्या मांडवात कोण बसेल? समाजमंदिराच्या समितीला अर्ज दिला, हॉल मिळाला. वांगणीपासून लोक यायला लागले. साहेबांच्या वाढदिवसाला मांडव उभा राहिला, बॅनर लागले आणि खुर्च्यांवर त्यांचेच कार्यकर्ते बसले होते. मी मुद्दाम समोरून भाजी घ्यायला गेले. दोनदा.

मग समितीचा निरोप आला: हॉल लग्नांना लागतो, पुढच्या महिन्यापासून बंद. समितीचे अध्यक्ष साहेबच. मी भेटायला गेले.

"ताई, काम चांगलंय तुमचं," ते म्हणाले. "फक्त रीतसर उद्घाटन राहिलंय. माझ्या हस्ते करून टाकू. मग हॉल तुमचाच."

"या," मी म्हटलं. त्यांनाही साखरेच्या गोळ्या चालू आहेत, हे अख्ख्या प्रभागाला माहीत होतं. "पण आधी तपासणी. उपाशी या आणि गोळी खिशात ठेवा. तपासणी झाली की खाऊन मग घ्यायची."

शनिवारी ते फोटोग्राफर घेऊन आले, उशिरा. मी टोकन हातात दिलं. जांभूळ गावची एक आजी बाकावर सरकली. "बसा साहेब. आज तुमची पन रांग."

"ताई, साहेबांना पुढे घ्या ना," कार्यकर्ता म्हणाला.

"नंबर येऊ दे."

थोड्या वेळाने साहेब रुमालाने मान पुसायला लागले. पंखा त्यांच्याच डोक्यावर होता. मला लगेच कळलं. मी समोरच्या बाईचं बोट कापसाने पुसलं, कापूस डब्यात टाकला, आणि मग उठले. एवढाच वेळ घेतला, पण घेतला.

ग्लुकोजचं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. "गोळी घेतलीत?"

"सवयीने..."

"मी काय सांगितलं होतं?"

"पियाला तरी दे गो त्याला," आजी म्हणाली.

ग्लास संपला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, डॉक्टरांनी नाडी बघून मान डोलावली. मगच मी बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझी बहीण अशीच बसली होती साहेब. इथेच. तुमची वाट बघत. तिला खाऊ दिलं नाही."

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"आता सांगितलं. हॉलचं काय?"

त्यांनी रांगेकडे पाहिलं. रांग त्यांच्याकडेच बघत होती, आणि ही सगळी मतं होती. "चालू ठेवा," ते म्हणाले.

"आणि उद्घाटन?"

"राहू दे."

मी परवानगीचं पत्र तयारच ठेवलं होतं. सही तिथल्या तिथे घेतली.

आता ते दर महिन्याला येतात. दुसरीकडे जाऊ शकतात, पण इथे डॉक्टर पाय नीट बघतात, औषध समजावून सांगतात. साहेब टोकन घेतात, बाकावर बसतात. एकदाही मी त्यांना पुढे घेतलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, "दीदी, अब तो माफ़ कर दो." मी म्हणते, त्यांची साखर आटोक्यात ठेवलीय ना आपण? माझ्याकडून त्यांना एवढंच मिळेल.