दोन बोटांची खात्री

धारूरच्या शाळेच्या कामावर मी इंजिनिअर होतो आणि तो सळई बांधणारा कामगार. चार इंची काँक्रीटच्या भिंतीत सळयांची जाळी मधोमध आहे का, हे तो काँक्रीट ओतण्याआधी साच्यात दोन्हीकडून दोन-दोन बोटं घालून बघायचा.

एकदा मिक्सर फिरत असताना तो साच्यापुढे आडवा उभा राहिला.

"सायब, कोपऱ्यात वाकवलेल्या सळया कावून न्हाईत? भूकंप आला तर भिंती एकमेकींचा हात सोडतेल."

ड्रॉइंगमध्ये त्या मीच विसरलो होतो. तरी मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू मला शिकवू नको."

"न्हाई शिकवत. बांधून घेतो, मग ओता."

तो हलला नाही म्हणूनच भिंत नीट झाली. उद्घाटनाला तिचं श्रेय मी घेतलं; मागे उभा राहून तोही टाळ्या वाजवत होता.

आज कुठल्याही भिंतीचं ड्रॉइंग करताना मी आधी कोपऱ्यातल्या सळया आखतो, आणि शिकाऊ इंजिनिअरांना अभिमानाने सांगतो, हे मला कोणी शिकवलं.