चाळीसच्या खालचा काटा

आज सकाळपासून पाचव्यांदा मी त्या काट्याकडे बघितलं. गिटारींच्या दुकानात भिंतीवर हवेतली ओल मोजणारं छोटं यंत्र आहे, त्याचा काटा. चाळीसच्या जरा खाली, म्हणजे हवा फार कोरडी. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि टांगलेल्या गिटारी गुपचूप वाळत असतात. हवेत ओलावा सोडणाऱ्या मशीनमध्ये मी सकाळीच पाणी ओतलंय, तरी जीव स्वस्थ बसत नाही.

मिरजेला आमच्या घरी सतारी होतात. आठवीत शाळा सोडली तेव्हा बाबांनी पहिलं हेच शिकवलं, वाद्याला ओल लागू द्यायची नाही. त्याच सवयीनं परदेशातल्या या दुकानात पहिल्या हिवाळ्यात मी एका गिऱ्हाइकाची गिटार हीटरशेजारी ठेवली. दोन दिवसांत लाकूड वाळून तिला समोरून चीर गेली. वाटलं, संपलं, आता घरी. मालकीणबाईंनी चीर सांधली आणि मला या यंत्रापुढे उभं केलं. "यापुढे हे तू बघायचं," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर निदान झोप तरी लागली असती.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले होते. "लाकडाला पाणी पाजतोस होय रे?"

पण हल्ली "जेवलास का" याच्याआधी विचारतात, "काटा कुठाय?"

आत्ताही फोन आला. म्हटलं, "चाळीसच्या खाली, बाबा."

ते लगेच म्हणाले, "अरे मग आणखी ओत की! फोन काय धरून बसलायस?"